लॅक्स्टन: खुल्या शेतांचे इंग्रजी खेडे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या खेड्याचे चित्र बहुतेकांच्या मनात ठरलेले असते. हिरवे चौकोनी तुकडे, त्यांच्याभोवती झुडपांची कुंपणे, मध्येच एकटे शेतघर. बऱ्याच ठिकाणी ते चित्र अडीच-तीनशे वर्षांचेच आहे. त्याआधी मध्य इंग्लंडमधली हजारो गावे वेगळीच दिसत होती, वेगळ्या नियमांनी चालत होती. त्यांपैकी नॉटिंगहॅमशायरमधले लॅक्स्टन हे एक गाव आजही जुन्या नियमांनी शेती करते. त्याच्याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे खाली दिली आहेत. घाई असेल तर कोर्ट लीट, म्हणजे गावाच्या न्यायालयाबद्दलचे प्रश्न आधी वाचा. ते न कळता शेते पाहिली, तर नुसते मोठे मोकळे रान दिसेल.

लॅक्स्टन नेमके कुठे आहे? केवढे आहे?

इंग्लंडच्या मध्य-पूर्व भागात, नॉटिंगहॅम शहराच्या ईशान्येला. जवळची ठिकाणे म्हणजे ऑलर्टन, टक्सफर्ड आणि दक्षिणेला न्यूअर्क. गाव लहान आहे. एक मुख्य रस्ता, त्याला फुटलेल्या दोन-तीन गल्ल्या, एक चर्च, एक पब आणि रस्त्याला लागून असलेली शेतकऱ्यांची घरे. मूरहाउस ही छोटी वस्ती याच शिवारात मोडते.

एकूण शिवार चार हजार एकरांच्या आसपास आहे. त्यातले सुमारे ४८० एकर आजही खुल्या शेतांत आहेत. बाकीच्या जमिनीला केव्हाच कुंपणे पडली आहेत. म्हणजे संपूर्ण गाव मध्ययुगात थांबले आहे, असे समजू नका. ट्रॅक्टर आहेत, कम्बाइन हार्वेस्टर आहेत, रासायनिक खतेही आहेत. टिकली आहे ती जमिनीची वाटणी आणि तिच्यावर देखरेख करणारे गावाचे न्यायालय.

खुले शेत म्हणजे काय?

एक प्रचंड शेत, ज्याच्या आत एकही कुंपण नाही. ते अनेक शेतकऱ्यांमध्ये लांबट पट्ट्यांत वाटलेले असते. एका शेतकऱ्याच्या पट्ट्या एकाच ठिकाणी सलग नसतात. प्रत्येक मोठ्या शेतात त्याच्या काही पट्ट्या असतात आणि शेजारी दुसऱ्यांच्या. लॅक्स्टनमध्ये अशी तीन शेते उरली आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. १६३५ साली चौथे ईस्ट फील्डही होते. ते आकाराने लहान होते आणि पिकांच्या फेऱ्यात वेस्ट फील्डबरोबर धरले जाई.

हे सामुदायिक शेत नव्हे. ही गफलत फार जण करतात. पट्टी ज्याची त्याची असते. बी त्याचे, मेहनत त्याची, पीकही त्याचेच. सामायिक असते ते वेळापत्रक, वाटा, गवताळ पट्टे आणि शिस्त.

पट्ट्या लांबट का? चौरस तुकडे का पाडले नाहीत?

नांगरामुळे. इथली जमीन लालसर चिकण मातीची आहे. ओली असताना चिकटते, वाळली की दगडासारखी होते. ती फोडायला जड नांगर लागे आणि तो ओढायला बैलांची लांब रांग. आठ बैलांचा असा ताफा वळवणे जिकिरीचे काम होते. म्हणून एका दमात जितके लांब जाता येईल तितके जायचे आणि मगच वळायचे, अशी रीत पडली. इंग्रजी मापातला फर्लांग म्हणजे २२० यार्ड, साधारण २०१ मीटर. त्याच्या जोडीला २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर रुंदी धरली की ४,८४० चौरस यार्ड होतात. हाच एक एकर. मापे अशी असली तरी जमिनीवर सगळ्या पट्ट्या एकरभर नव्हत्या. बऱ्याच त्याहून अरुंद होत्या, आणि उतार जसा असेल तशी लांबीही बदले.

जुन्या पट्ट्यांचे दोन विशेष ओळखायला शिका. पहिला, मध्ये उंचवटा आणि दोन्ही कडांना सरी. नांगराचे पाते माती एकाच बाजूला पलटते. पट्टीच्या मध्यापासून सुरुवात करून फेरे घेत बाहेर गेले, की दर वेळी माती मध्याकडेच पडते. वर्षानुवर्षे असे झाल्यावर मधला भाग वर येतो आणि कडेच्या सऱ्यांतून पाणी वाहून जाते. चिकण मातीत निचऱ्याची दुसरी स्वस्त सोय नव्हती. दुसरा विशेष म्हणजे पट्टीचा किंचित उलट्या ‘एस’सारखा बाक. टोकाला पोचण्याआधीच बैलांना एका अंगाला घ्यायला सुरुवात करावी लागे, त्यातून हा बाक आला.

एक सूचना. हे उंचवटे खुल्या शेतांत शोधू नका, कारण आधुनिक नांगरटीने तिथली जमीन बरीचशी सपाट झाली आहे. गावाभोवतीच्या जुन्या कुरणांत, जिथे शतकानुशतके नांगर लागला नाही, तिथे ते दिसतील. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना पाहा.

एकाच माणसाची जमीन अशी विखरून का ठेवली?

चांगली आणि वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, हे एक कारण. उंचावरची पट्टी पावसाळी वर्षी तारते आणि ओलीतली कोरड्या वर्षी. जोखीम वाटली जाते. पण दुसरे कारण अधिक वजनाचे आहे. तीन शेतांपैकी एक दर वर्षी पडीक राहणार असेल, तर प्रत्येकाची जमीन तिन्ही शेतांत असलीच पाहिजे. नाहीतर ज्याची सगळी जमीन एकाच शेतात, त्याने त्या वर्षी खायचे काय? हा फेरा आणि ही विखुरलेली वाटणी एकमेकांना धरून आहेत. एक काढले की दुसरे कोसळते.

तीन वर्षांचा फेरा कसा चालतो?

समजा, यंदा वेस्ट फील्डमध्ये शरद ऋतूत गहू पेरला. हा हिवाळी गहू पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी काढणीला येतो. त्यानंतर त्या शेतात वसंतात पेरायचे पीक येते. पूर्वी बार्ली, ओट, वाटाणा आणि घेवड्याच्या जातीची कडधान्ये असत. तिसऱ्या वर्षी शेत पडीक. मग पुन्हा गहू. बाकीची दोन शेते याच फेऱ्यात एकेक वर्ष मागे-पुढे असतात. त्यामुळे कोणत्याही वर्षी एक गव्हाचे, एक वसंती पिकाचे आणि एक पडीचे, अशी तीन शेते दिसतात.

पडीक वर्ष म्हणजे आराम नव्हे. पूर्वी त्या वर्षात तीन-चार वेळा नांगरट करून तण उन्हात वाळवून मारत, आणि मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत मिळे. तणनाशक नसताना चिकण मातीतले चिवट तण काढण्याचा तोच मार्ग होता. पुढे न्यायालयाच्या संमतीने पडीच्या जागी गवत, क्लोव्हर यांसारखी चाऱ्याची पिके घेण्याची मुभा मिळाली. नियम मोडला नाही, सगळ्यांनी मिळून बदलला. या गावाचा टिकाव समजून घ्यायचा असेल तर हा फरक लक्षात ठेवावा.

‘साइक’ काय असतात?

शेतांमधून जाणारे, कधीच न नांगरलेले गवताचे पट्टे. बहुतेक साइक सखल, ओल्या जागी आहेत. पाणी वाहते त्या ओघळीत नांगर रुतणार, म्हणून जागा गवताला सोडली. शिवाय औते वळवायला आणि आतल्या पट्ट्यांपर्यंत पोचायलाही त्यांचा उपयोग होई.

या गवतावर व्यक्तीचा नव्हे, सामायिक हक्क असतो. गावातल्या ठरावीक घरांना ‘गेट’ नावाचे चराईचे हक्क आहेत. पूर्वी काढणीनंतर खुंटांवर आणि साइकांवर मेंढ्या सोडण्यासाठी ते वापरले जात. साइकांवरचे गवत दर उन्हाळ्यात लिलावाने दिले जाते आणि येणारी रक्कम हक्कदारांत वाटली जाते. रक्कम मोठी नसते. पण हक्काचा हिशेब दर वर्षी उघडपणे मांडला गेल्याने तो विसरला जात नाही, आणि कोणी गुपचूप गिळतही नाही.

न नांगरलेले, खत-औषधापासून बरेचसे वाचलेले हे गवत आज दुर्मीळ वनस्पतींसाठीही मोलाचे आहे. लॅक्स्टनच्या साइकांना विशेष शास्त्रीय महत्त्वाचे क्षेत्र म्हणून कायदेशीर संरक्षण आहे. जून महिन्यात तिथली फुले बघण्यासारखी असतात.

कोर्ट लीट म्हणजे काय?

जमीनदारीच्या काळातले गावपातळीचे न्यायालय. एकेकाळी इंग्लंडभर अशी न्यायालये होती. कोणी बांध कोरला, कोणाची डुकरे मोकाट सुटली, कोणी चर साफ केला नाही, असे तंटे तिथे सुटत. बहुतेक ठिकाणी ती बंद पडली किंवा वर्षातून एकदा झगे घालून मिरवण्यापुरती उरली. लॅक्स्टनचे न्यायालय मात्र खरेच काम करते, कारण इथे देखरेख करायला खरीच खुली शेते आहेत.

त्यातली माणसे अशी: जमीनदाराच्या वतीने अध्यक्षस्थानी बसणारा स्ट्यूअर्ड, जो कायद्याचा जाणकार असतो, हुकूम बजावणारा बेलीफ, आणि शेतकऱ्यांमधून नेमलेली बाराजणांची ज्यूरी, तिचा फोरमन धरून. ज्यूरीतली माणसे त्याच शेतांत पट्ट्या कसणारी असतात. कुठली वाट कुठे वळते आणि कोणाच्या नांगराचा हात सैल आहे, हे त्यांना कागद न बघता माहीत असते.

ज्यूरीच्या दिवशी नेमके काय होते?

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ज्यूरी शेतावर जाते. तिन्ही शेतांवर नव्हे, फक्त त्या वर्षी गहू पेरलेल्या शेतावर. कारण सोपे आहे. नांगरट आणि पेरणी नुकतीच झालेली असते, कोवळा गहू जमिनीवर हिरवी रेघ ओढून उभा असतो, त्यामुळे कोण कुठपर्यंत गेला ते स्पष्ट दिसते. फेऱ्यामुळे प्रत्येक शेताची पाळी तीन वर्षांनी येते.

सकाळी मंडळी डव्हकोट इन या पबपाशी जमतात आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरमध्ये बसून निघतात. सोबत लाकडी खुंट आणि ते ठोकायला मोठे हातोडे. शेतावर पोचल्यावर पट्ट्यांची टोके, गाडीवाटा आणि साइकांच्या कडा एकेक करून तपासतात. वाटेची रुंदी कमी झाली आहे का, गवताची कड नांगराखाली गेली आहे का, चर तुंबले आहेत का. हद्द संशयास्पद वाटली तर मोजून खुंट नव्याने ठोकतात. मतभेद झाला तर तिथेच, चिखलात उभे राहून, बोलून मिटवतात. दोषांची नोंद होते. मग पबमध्ये परतून जेवण, आणि कोणाला किती दंड करायचा याचा विचार.

आणि न्यायालय कधी भरते?

पुढच्या गुरुवारी, त्याच पबमध्ये. बेलीफ पुकारा करतो. ज्यांना हजर राहणे बंधनकारक आहे त्यांची यादी वाचली जाते; न आलेल्याने आपला किरकोळ आकार भरायचा असतो. ज्यूरीने लिहून आणलेले दोष आणि दंड वाचून दाखवले जातात. शेवटी पुढच्या वर्षीची ज्यूरी नेमून तिला शपथ दिली जाते. सगळा कारभार फारसा लांबत नाही, कारण खरे काम आदल्या गुरुवारी शेतावर झालेले असते.

दंड कशासाठी होतो? तो कोणाला जड जातो का?

सगळ्यांत नेहमीचा गुन्हा म्हणजे सामायिक वाटेत किंवा साइकात नांगर घालणे. बहुतेकदा हे मुद्दाम होत नाही. रुंद औजार, ओली कड आणि वळताना घेतलेला मोठा घेर, एवढ्याने हातभर गवत जाते. पुढच्या फेऱ्यात तीच कड धरून आणखी हातभर. तीन-चार फेऱ्यांत वाट इतकी अरुंद होते की आतल्या पट्टीवाल्याला हार्वेस्टर नेता येत नाही. म्हणून पहिल्याच वेळी टोकणे महत्त्वाचे. तुंबलेला चर हाही तितकाच गंभीर दोष, कारण चिकण मातीत एकाने अडवलेले पाणी शेजाऱ्याचा गहू कुजवते.

दंड काही पौंडांचा असतो, त्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. पण आपले नाव शेजाऱ्यांसमोर वाचले जाते. आमच्या मते या व्यवस्थेची सगळी ताकद इथेच आहे. आज ज्यूरीत बसलेला उद्या तपासला जाणार असतो, त्यामुळे वाजवीपेक्षा कडकही वागता येत नाही आणि डोळेझाकही करता येत नाही.

या न्यायालयाला आजच्या कायद्यात काही किंमत आहे का?

आहे. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कोर्ट लीटांचे खटले चालवण्याचे अधिकार काढून घेतले आणि त्यांना केवळ रूढीची कामे ठेवली. लॅक्स्टनचा मात्र अपवाद केला गेला. शेतांचे व्यवस्थापन याच न्यायालयावर अवलंबून असल्याने त्याचे अधिकार शाबूत राहिले.

गाव किती जुने आहे?

लिखित नोंद १०८६ च्या डूम्सडे पाहणीतली, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीतली. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इथली जमीन टोची नावाच्या माणसाकडे होती. पाहणीच्या वेळी ती जेफ्री अल्सेलिनकडे गेलेली होती. २२ कुळे, ७ लहान खातेदार, थोडे गुलाम, ४० एकर गवताळ जमीन आणि डुकरे चारायला रान, असा तपशील त्यात आहे. तीन शेतांची रचना नेमकी कोणत्या शतकात आखली गेली, ते या नोंदीवरून ठरत नाही.

गावाच्या उत्तरेला मातीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. कृत्रिम टेकाड, त्याला लागून तटबंदीची आवारे आणि खंदक. या प्रांतातल्या उत्तम टिकलेल्या अशा किल्ल्यांत त्याची गणना होते. इथले द कॉ आणि त्यांच्यानंतरचे एव्हरिंगहॅम घराणे शेरवूडच्या राजरानाचे वंशपरंपरागत रखवालदार होते, म्हणून एवढ्याशा खेड्यात एवढा किल्ला. दगडी भिंती पाहायला मिळतील या अपेक्षेने जाऊ नका. आता सगळे गवताखाली आहे. पण टेकाडावरून शिवाराची ठेवण चांगली कळते.

१६३५ च्या नकाशाचा एवढा बोलबाला का?

कारण त्यात गावातली प्रत्येक पट्टी आहे, तीही मालकासह. मार्क पिअर्स या मोजणीदाराने तो तयार केला. नऊ तक्त्यांचा हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या जोडीला लिहिलेले खातेपुस्तकही टिकले आहे. नकाशात रेषांच्या बरोबरीने माणसेही काढली आहेत, नांगरणारी, कापणी करणारी. नकाशा पाहून शेतावर गेलात तर वाटा आणि साइक बऱ्याच ठिकाणी तिथेच सापडतात.

मोजणी करवून घेणारा जमीनदार होता सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. त्याने गाव विकत घेतले होते आणि आपल्या हाती नेमके काय आहे, त्यातून खंड किती येऊ शकतो, हे त्याला हवे होते. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. याच कोर्टनने त्याच वर्षी, म्हणजे १६३५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीला शह देणाऱ्या व्यापारी मंडळासाठी पहिल्या चार्ल्स राजाकडून परवानगी मिळवली. त्या मंडळाची जहाजे जॉन वेडेलच्या हाताखाली एप्रिल १६३६ मध्ये इंग्लंडहून निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला लागली. पुढे कारवारलाही या मंडळाने वखार घातली. कोर्टन स्वतः १६३६ मध्येच वारला. कर्जात बुडालेल्या वारसांच्या हातून लॅक्स्टन थोड्याच वर्षांत पिअरपाँट घराण्याकडे गेले.

बाकी इंग्लंडमध्ये ही पद्धत संपली, मग इथेच का उरली?

खुली शेते मोडून प्रत्येकाला सलग जमीन द्यायची आणि तिला कुंपण घालायचे, ही प्रक्रिया शतकानुशतके चालू होती. १८व्या शतकाच्या मध्यापासून १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत संसदेने गावागणिक कायदे करून तिला जोर दिला. मोठ्या जमीनदारांना त्यात फायदा होता. सलग शेत सुधारता येते, खंड वाढवता येतो. गेले ते गरिबाचे. ज्याच्याकडे फक्त सामायिक कुरणावर गाय चारण्याचा हक्क होता, त्याच्या वाट्याला तुटपुंजा तुकडा आला किंवा काहीच आले नाही.

लॅक्स्टनमध्येही १८व्या शतकात बरीच जमीन अशी कुंपणात गेली. उरलेली वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. गावात दोन मोठे जमीनदार सरदार होते, पिअरपाँट घराण्यातले अर्ल मॅन्व्हर्स आणि स्कारब्रोचे अर्ल, आणि दोघांचे अदलाबदलीवर जमले नाही. मग शेतीला मंदीचे दिवस आले, कुंपणे, चर आणि नवी शेतघरे यांचा खर्च परवडेना. २०व्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सच्या इस्टेटीने पद्धत मोडण्याऐवजी लहान पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या. आजच्या पट्ट्या पिअर्सच्या नकाशातल्यापेक्षा संख्येने खूप कमी आणि आकाराने मोठ्या आहेत, ते यामुळे. या तडजोडीशिवाय ट्रॅक्टरच्या काळात पद्धत टिकली नसती, असे आम्हाला वाटते.

आज जमिनीची मालकी कोणाकडे आहे?

१९५२ मध्ये सहाव्या, म्हणजे शेवटच्या अर्ल मॅन्व्हर्सनी पद्धत जपली जावी म्हणून गाव कृषी मंत्रालयाला विकले. १९८१ मध्ये मंत्रालयाने ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे दिले. २०२० मध्ये ते थोर्सबी इस्टेटकडे गेले, म्हणजे पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्याच वारशाकडे. शेतकरी बहुतांशी कुळे आहेत. काही जमीन गावातल्या इतरांच्या मालकीची आहे, आणि खुल्या शेतात पट्टी असेल तर न्यायालयाचे नियम त्यांनाही लागू होतात.

मालक बदलला की दर वेळी काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. मालकाने पट्ट्यांच्या करारांत या शेतीची अट ठेवली नाही, किंवा सोडून जाणाऱ्याच्या जागी पद्धत मानणारे नवे कूळ आणले नाही, तर ज्यूरीला बारा माणसे मिळणेच अवघड होईल.

गावातली शेतघरे रस्त्याला चिकटून का आहेत?

कारण जमीन चारी दिशांना विखुरलेली. तीन शेतांत पट्ट्या असलेल्या माणसाने एका शेतात घर बांधून काय करावे? गावाच्या मध्ये राहणेच सोयीचे. त्यामुळे घर, गोठा, कोठार, मागे अंगण आणि त्यामागे लांबट परसू, अशी रांग मुख्य रस्त्याला लागून उभी आहे. आज दिसणाऱ्या विटांच्या इमारती बऱ्याचशा १८व्या शतकापासूनच्या, पण जागा जुन्या. बरीच घरे रस्त्याकडे तोंड करून नव्हे, तर आडवी भिंत रस्त्याला देऊन बांधलेली दिसतील. कुंपणे पडलेल्या शेजारच्या गावांत शेतकरी आपापल्या सलग जमिनीत राहायला गेले. तिथे एकटी शेतघरे दिसतात, इथल्या खुल्या शेतांत नाहीत.

चर्चमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याचे मध्ययुगीन पुतळे आहेत. त्यांतली एका स्त्रीची आडवी प्रतिमा ओकच्या लाकडाची आहे आणि नॉटिंगहॅमशायरमध्ये तशी दुसरी नाही. १८६० च्या सुमारास इमारतीची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा ती लांबीने कमी करण्यात आली.

ही तर आपल्याकडची तुकड्या-तुकड्यांची शेतीच झाली. मग त्यात जपण्यासारखे काय?

विखुरलेली जमीन ही अडचण आहेच. महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा त्यासाठीच झाला. पण दोन्हींचे मूळ वेगळे आहे. आपल्याकडचे तुकडे वारसांच्या वाटण्यांतून पडले, दर पिढीला लहान होत गेले, आणि प्रत्येक तुकड्यावर पीक कोणते हे ज्याचे तो ठरवतो. लॅक्स्टनच्या पट्ट्या एका सामायिक फेऱ्यासाठी आखलेल्या आहेत. कुळाच्या खात्याची वाटणी मुलांत होत नाही, आणि पेरणीचा क्रम सगळ्या शेताला एकच असतो. तुकड्यांची संख्या जपण्यात अर्थ नाही. वाट, चर आणि गवत यांवरचा सामायिक हक्क दर वर्षी स्वतः शेतकऱ्यांनीच तपासायचा, ही गोष्ट जपण्यासारखी आहे. बांध आणि शिवरस्त्यांचे तंटे वर्षानुवर्षे कचेरीत कुजताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

शेतकऱ्याला हे परवडते का?

फक्त खुल्या शेतांवर नाही. प्रत्येकाकडे कुंपणातली जमीनही असते, तिथे तो आपल्या मर्जीने जनावरे ठेवतो किंवा पीक घेतो. खुल्या शेतात वेळ जास्त जातो. औजारे एका पट्टीवरून दुसरीवर न्यावी लागतात, वळणे जास्त, फवारणी करताना वाऱ्याचा अंदाज चुकला तर औषध शेजाऱ्याच्या पिकावर जाते. फेऱ्यामुळे बाजारभाव पाहून पीकही बदलता येत नाही.

इंग्लंडमध्ये असे दुसरे गाव आहे का?

खुल्या शेतांचे अवशेष आहेत. डेव्हनमधले ब्राउंटनचे ग्रेट फील्ड, लिंकनशायरमधला अ‍ॅक्सहोमचा भाग, डॉर्सेटमधले पोर्टलंड. तिथे पट्ट्या आहेत, पण तीन शेतांचा सक्तीचा फेरा आणि तो राबवणारे न्यायालय, दोन्ही एकत्र फक्त लॅक्स्टनमध्ये.

हॉलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, स्मारक याच गावात आहे ना?

हो, गावाजवळच. नॅशनल हॉलोकॉस्ट सेंटर १९९५ मध्ये सुरू झाले. शेतांच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही, पण अनेक जण त्यासाठीच या भागात येतात. दोन्ही एका दिवसात उरकू नका. त्याला वेगळा दिवस द्या.

भेट द्यायची असेल तर कसे आणि केव्हा जावे?

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून न्यूअर्क नॉर्थगेट किंवा रेटफर्डला रेल्वेने जाता येते. पुढे गाडी किंवा टॅक्सी हाच भरवशाचा मार्ग; गावाकडच्या बसवर दिवस आखू नका. स्वतःच्या गाडीने ए-१ महामार्ग टक्सफर्डपाशी सोडून ऑलर्टनच्या रस्त्याला लागा आणि तिथून दक्षिणेला वळा. डव्हकोट इनच्या आवारात छोटे माहितीकेंद्र आहे. आधी तिथे जा, शेतांचा नकाशा पाहून घ्या, मगच चालायला निघा. पब आणि केंद्र उघडे आहे का याची निघण्यापूर्वी चौकशी करा.

फुलांसाठी जून, तिन्ही शेतांतला फरक पाहण्यासाठी जुलै. गहू तेव्हा पिवळा पडू लागतो आणि शेजारचे शेत वेगळ्या रंगाचे असते. ज्यूरीचे काम पाहायचे असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, पण ते शेतकऱ्यांचे कामाचे दिवस आहेत. आधी विचारा आणि मध्ये येऊ नका.

पाऊस पडून गेला असेल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालाच. साध्या बुटांना दोन पावलांत वीतभर माती चिकटते. सार्वजनिक पायवाटेवरूनच चाला, कुत्रा असेल तर दोरीला बांधा, आणि पट्टीत पाय टाकून फोटो काढण्याचा मोह आवरा. साइकांवर चालायची वाट असेल तिथेही जूनमध्ये गवत तुडवू नका. त्याचा लिलाव व्हायचा असतो.